दणका चाकाला, तिरकेपणा पंखात: ऐंशी वर्षांची विमानं सरळ का उडत नाहीत?

अमेरिकेत जुनी छोटी विमानं विकायला निघतात तेव्हा जाहिरातीत एक शब्दप्रयोग हमखास असतो: 'नो डॅमेज हिस्टरी'. म्हणजे या विमानाची कधी मोडतोड झालेली नाही. १९४६ साली बनलेलं, शेकडो शिकाऊ हातांतून गेलेलं, गवताच्या धावपट्ट्यांवर आपटत आयुष्य काढलेलं विमान, आणि त्याला कधी काही झालंच नाही? जाणकार मेकॅनिक अशा जाहिरातीवर मान डोलावतात आणि टॉर्च घेऊन विमानाखाली शिरतात. मोडतोड झालीच असणार हे ते धरूनच चालतात. दुरुस्ती कोणी केली, कशावर ठेवून केली आणि नंतर मापं घेतली का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

या विमानांबद्दल एक तक्रार फार ऐकू येते. संथ हवेत, सरळ उडताना वैमानिकाने हातातला नियंत्रणाचा दांडा सोडला की विमान हळूहळू एका अंगाला कलू लागतं. याला 'विंग हेवी' म्हणतात. पंखाचं वजन काही वाढलेलं नसतं. दोन्ही पंख हवेत सारख्या कोनात बसलेले नसतात, म्हणून एक पंख कमी उचलतो आणि त्या बाजूला कल येतो. मालक वर्षानुवर्षं पंखाशी झटापट करत राहतो, आणि मूळ दुखणं पंखात नसतंच. ते खाली, कापडाआड दडलेल्या सांगाड्यात, कुणीतरी १९५२ साली केलेल्या एखाद्या वेल्डिंगमध्ये असू शकतं.

आधी सांगाडा समजून घेऊ

उदाहरणाला पायपर जे-३ कब घेऊ. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावात १९३८ ते १९४७ या काळात हे पिवळं दोन आसनी विमान हजारोंनी बनलं. इंजिन ६५ अश्वशक्तीचं, पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटर, आणि भरलेलं वजन जेमतेम ५५० किलो. युद्धकाळात अमेरिकेने मुलकी वैमानिक घडवले ते मोठ्या प्रमाणात याच विमानावर. याचंच लष्करी रूप एल-४ या नावाने आघाडीवर तोफखान्याला नेम दाखवत फिरलं. थोडक्यात, लाडाकोडात वाढलेलं विमान नव्हे.

याचं धड पोलादी नळ्या वेल्ड करून बनवलेला पिंजरा आहे. धडाच्या लांबीने जाणाऱ्या चार मुख्य नळ्यांना लाँजरॉन म्हणतात. वरच्या बाजूला, केबिनच्या छपराशी, पंख जोडायच्या फिटिंग आहेत. पंखात लांबीने जाणारे दोन दांडे असतात, पुढचा आणि मागचा. हे स्पार. सगळा भार तेच पेलतात. प्रत्येक स्पारला मध्याजवळ एक तिरका टेकू असतो, तो खाली धडाच्या तळाशी येऊन जोडला जातो. हा स्ट्रट. पिंजऱ्यावर आणि पंखांवर कापड चढवून, रंग देऊन सगळं झाकून टाकलेलं.

आता पंखाचा कोन कोण ठरवतं बघा. मुळाशी छपराच्या फिटिंग, बाहेर स्ट्रटची लांबी, आणि स्ट्रटचं खालचं टोक जिथे बसतं ती धडाच्या तळाची जागा. तिन्हींपैकी दोन जागा पंखात नाहीतच, धडात आहेत.

घराच्या दाराचं असंच असतं. चौकट गुण्यात नसेल तर दार कितीही चोख बनवा, ते घासणारच. घाईचा सुतार दाराला रंधा मारून देतो, दार लागायला लागतं, चौकट वाकडी ती वाकडीच राहते. जुन्या विमानांत अशी रंधा मारलेली दारं पुष्कळ सापडतात. ती कशी, ते पुढे येईलच.

पाव अंशाने असा काय फरक पडतो?

एक ढोबळ हिशोब करून पाहू. समजा पुढचा आणि मागचा स्पार यांत ७५ सेंटिमीटर अंतर आहे, आणि डाव्या पंखाचा मागचा स्पार असायला हवा त्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली आहे. तीन मिलिमीटर म्हणजे साध्या वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा थोडं जास्त. नजरेला कळणारही नाही. पण त्याने त्या पंखाचा कोन सुमारे ०.२३ अंशाने वाढला. कब ताशी १२० किलोमीटरने सरळ उडत असताना प्रत्येक पंख साधारण २७५ किलो उचलत असतो. एवढ्याशा कोनवाढीने डाव्या पंखाची उचल जवळपास चार टक्क्यांनी, म्हणजे अकराएक किलोंनी वाढते.

ते अकरा किलो धडापासून दोन-अडीच मीटर बाहेर वर ढकलत असतात. उजवीकडे कल येतो, आणि वैमानिकाला संपूर्ण उड्डाणभर दांडा डावीकडे दाबून धरावा लागतो. तासाभराने मनगट बोलायला लागतं.

वेल्डिंग आकसतं, आणि सोबत नळी ओढतं

पोलादाची नळी वेल्ड करताना सांध्यापाशी धातू वितळतो. थंड होताना तो आकसतो, आणि आकसताना शेजारचं सगळं आपल्याकडे खेचतो. कारखान्यात हा पिंजरा लोखंडाच्या भक्कम साच्यात आवळून वेल्ड करत. त्याला जिग म्हणतात. जिगमुळे फिटिंगच्या जागा हलत नसत.

दुरुस्ती करणाऱ्याकडे जिग असेलच असं नाही. गंजलेला किंवा वाकलेला तुकडा कापायचा, नवी नळी घालायची, जोडावर आतून किंवा बाहेरून दुसऱ्या नळीची बाही चढवायची आणि वेल्ड करायचं, ही मान्य पद्धत. बाहेरच्या बाहीचं टोक सरळ न कापता माशाच्या उघड्या तोंडासारखं कापतात, म्हणजे वेल्डची रेघ एकाच ठिकाणी नळीला गोल वेढत नाही आणि तिथे कमकुवत कडं तयार होत नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेच्या ४३.१३ क्रमांकाच्या पुस्तिकेत हे सगळं चित्रांसह दिलेलं आहे. नीट केलेली अशी जोडणी मूळ नळीपेक्षाही मजबूत असते.

इथेच लोकांची गल्लत होते. मजबुती वेगळी आणि माप वेगळं. जोड तुटणार नाही याची खात्री देता येते, पण तो करताना वरची फिटिंग दोन-तीन मिलिमीटर सरकली नाही याची खात्री त्या मजबुतीतून मिळत नाही. चांगला वेल्डर आधी दुरुस्तीच्या भागाला तात्पुरत्या नळ्यांनी आवळून घेतो, मग ठिपक्या-ठिपक्यांनी टाके मारतो, माप घेतो, पुन्हा थोडं वेल्ड करतो, पुन्हा माप घेतो. वाईट वेल्डरही भक्कम जोड करू शकतो. तो फक्त माप घेत नाही.

चाकाचा दणका पंखापर्यंत कसा जातो?

कबला मोठी चाकं पुढे दोन, आणि शेपटीला एक छोटं. असं विमान उतरताना थोडं तिरकं झालं तर मागचं वजन पुढे धावू पाहतं आणि विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. शिकाऊ विमानांत हा प्रकार नेहमीचा. त्यात बाहेरच्या चाकावर आडवा मार बसतो, आणि कधीकधी पंखाचं टोकही जमिनीला घासतं.

पंखाचं टोक सगळ्यांना दिसतं. ते दुरुस्त होतं. चाकाचा मार मात्र चाकाच्या दांड्यातून धडाच्या तळाच्या लाँजरॉनपर्यंत जातो. स्ट्रटचं खालचं टोकही तिथेच जवळपास बसलेलं असतं. त्या जागी नळ्यांचा जो गुच्छ असतो तो थोडा जरी आत दबला, तरी स्ट्रटचा पाया हलला.

आणि तो हलला की त्याचा परिणाम वर मोठा होऊन दिसतो. स्ट्रट जितका उंच जातो त्याच्या साधारण दुप्पट आडवा पसरलेला असतो. त्याची लांबी बदलत नाही. म्हणून खालचं टोक ३ मिलिमीटर आत गेलं, तर वर पंखाचा तो बिंदू ढोबळमानाने ६ मिलिमीटर खाली येतो. पंखाचं टोक त्याहून बाहेर, म्हणजे तिथे फरक आणखी दुप्पट. पुढचा आणि मागचा स्ट्रट दोन्ही सारखेच खाली आले तर पंख फक्त थोडा खाली झुकतो, त्याने फारसं बिघडत नाही. पण दणक्याने तळ पिळला गेला आणि मागचा स्ट्रट पुढच्यापेक्षा जास्त हलला, तर पंखालाच पीळ बसतो. मग वरच्या हिशोबातले ते अकरा किलो येतात. विंग हेवी असलेल्या विमानात म्हणूनच मी तरी आधी चाकांच्या फिटिंगकडे बघायला सांगेन, पंखाकडे नंतर.

शेपटीकडचीही एक गोष्ट. पाणी उतारावरून मागे वाहतं आणि शेपटीकडच्या खालच्या नळ्यांत साचतं. म्हणून त्या आतून गंजतात, आणि त्यांचे तुकडे बदलणं ही कबची अगदी नेहमीची दुरुस्ती. ती करताना शेपटीचा उभा खांब थोडा पिळला गेला, तर पंख अचूक असूनही विमान तिरकं चालतं आणि बिल पंखाच्या नावाने फाडलं जातं.

पंखाच्या आतले जोड

सुरुवातीच्या कबमध्ये स्पार स्प्रूस लाकडाचे होते, नंतर अॅल्युमिनियमचे आले. एरॉन्का कंपनीच्या त्याच काळातल्या विमानांत लाकडीच. लाकडी स्पारला जोड द्यायचा तर दोन्ही टोकं लांब तिरकी तासून एकमेकांवर चिकटवतात. हा उतार जाडीच्या दहा-बारा पट लांब ठेवतात. चिकटवताना तुकडे किंचित जरी सरकले तरी स्पार सरळ राहत नाही. बोल्टची भोकं वर्षानुवर्षांच्या भाराने लांबट होतात, तीही पंखाला थोडा थोडा खेळ देतात.

पंखाच्या आत तिरक्या तारा ताणलेल्या असतात, प्रत्येक चौकोनात दोन, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या सारख्या ताणून पंख गुण्यात आणतात. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन बरोबर. हे काम कंटाळवाणं आहे, कापड चढवल्यावर कुणाला दिसणारही नाही, म्हणून घाईत सर्वांत आधी याच्यावरच गदा येते. नंतर पंखाची पुढची कड किंचित वाकडी दिसते आणि कारण सापडत नाही.

कापडही अंगचं बळ दाखवतं. पूर्वी सुती कापड असे, आता पॉलिस्टर. ते इस्त्रीच्या उष्णतेने आकसवून ताणतात. जरा जास्त ताणलं तर पंखाच्या आडव्या हलक्या पट्ट्या आणि मागची कड वाकते. नवं कापड चढवल्यापासून विमान कलायला लागलं, असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं असेलच असं नाही.

'स्ट्रट फिरवून सरळ करता येतं ना?'

येतं. कबच्या मागच्या स्ट्रटच्या टोकाला आट्यांचा फोर्क असतो. तो बाहेर फिरवला की स्ट्रट लांब होतो, मागचा स्पार वर जातो, पंखाचा कोन कमी होतो. आत फिरवला की उलट. ही सोय कारखान्यानेच ठेवलेली आहे, कारण हाताने बनवलेली दोन विमानं अगदी एकसारखी कधीच नव्हती. सेसनाच्या छोट्या विमानांत हेच काम मागच्या स्पारपाशी बसवलेलं एका बाजूला सरकवलेल्या भोकाचं बुश करतं. ते फिरवलं की स्पार थोडा वर-खाली होतो.

सोय बारीक फरकासाठी आहे. फोर्क खूप बाहेर काढला की आत पकडून ठेवणाऱ्या आट्या कमी उरतात, आणि सगळा पंख त्या थोड्या आट्यांवर लटकतो. पायपरच्या स्ट्रटबाबत एफएएने १९९९ साली सक्तीचा आदेश काढला. त्यात आतून गंजणाऱ्या जुन्या स्ट्रटची दर २४ महिन्यांनी तपासणी आणि फोर्कच्या आट्यांची तपासणी, दोन्ही आहे. अनेकांनी मग जुने स्ट्रट टाकून आतून बंद केलेले नवे बसवले. पण एक जुना, एक नवा असं झालं की लांबी जुळत नाही, आणि पुन्हा सगळं मापात आणावं लागतं. नवा स्ट्रट लावून बोल्ट आवळला आणि काम झालं, असं नाही.

डावा फोर्क सहा आटे आत, उजवा चार आटे बाहेर, वर एका एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे असलेल्या हलत्या पाळीला) वाकवलेली पत्र्याची पट्टी, असं चित्र दिसलं तर समजावं की कुणीतरी दाराला रंधा मारलाय.

'थोडं कललं तर बिघडलं कुठे?'

सरळ उडताना फारसं नाही. उतरताना बिघडतं.

पंखाचा हवेशी कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा वरून सुटते आणि उचल अचानक कोसळते. हा स्टॉल. दोन्ही पंख सारखे असतील तर नाक खाली येतं आणि विमान सावरतं. म्हणूनच पंखाच्या टोकाचा कोन मुळापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात, म्हणजे स्टॉल मुळाशी सुरू होतो आणि टोकाकडचे एलेरॉन शेवटपर्यंत चालतात. या पिळाला वॉशआउट म्हणतात.

आता कलणाऱ्या पंखाला वर आणण्यासाठी त्याचा मागचा स्ट्रट आखडून कोन वाढवला, तर त्याचं वॉशआउट कमी झालं. तो पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल होणार. धावपट्टीकडे वळताना, कमी वेगात, शे-दीडशे मीटर उंचीवर एक पंख अचानक खाली गेला तर सावरायला उंचीच उरत नाही. काहीच न करता दांडा एका बाजूला दाबून उडत राहणंही बरं नव्हे, कारण त्याने जड पंखाचा एलेरॉन खाली राहतो आणि त्या टोकाचा कोन आधीच वाढलेला असतो. म्हणून जाणकार मेकॅनिक आधी हलक्या, म्हणजे जास्त उचलणाऱ्या पंखाचा कोन कमी करून बघतात, जड पंखाचा वाढवत नाहीत.

'दुसरं काही कारण नसेल कशावरून?'

असू शकतं, आणि आधी तेच बघावं. पंखातल्या टाक्यांत इंधन कमी-जास्त असेल, किंवा माणूस एका बाजूला बसलेला असेल, तर विमान कलतं. पण जे-३ कबची टाकी इंजिनामागे धडाच्या मधोमध आहे, १२ गॅलनची, म्हणजे सुमारे ४५ लिटर. दोन्ही आसनं एकामागे एक, आणि एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो. म्हणजे दोन्ही सबबी इथे बाद.

शेजारी-शेजारी आसनं असलेल्या विमानाची गोष्ट वेगळी. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत एका पिढीने ज्यावर उड्डाण शिकलं ते एचएएलचं पुष्पक घ्या. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान एरॉन्का चीफच्या वळणावर बेतलेलं. त्यात एकटा वैमानिक डावीकडे बसला की डावीकडे थोडा कल येणं स्वाभाविक होतं. तो दोष सांगाड्याचा नाही.

इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोतामुळे विमानाचं नाक एका बाजूला ओढलं जातं, तेही वेगळं. समोरच्या फलकावरचा, विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा चेंडूचा निर्देशक मध्ये आणला आणि तरीही पंख पडत असेल, तेव्हाच कोनाचा संशय घ्यावा.

मोजतात कसं?

साधनं साधीच आहेत: ओळंबा, दोरा, पाणसळ, टेप आणि कोनमापक. वारा नसलेल्या बंद हँगरमध्ये शेपूट स्टँडवर उचलून विमान आडवं-उभं समतल करतात. शेपूट खाली टेकलेली असताना घेतलेली मापं फुकट. दोन्ही पंखांवर, पुढच्या स्पारवरून टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणतात आणि मधे धडापर्यंतचं अंतर बघतात; त्यातून दोन्ही पंख सारखे वर उचललेले आहेत का ते कळतं. मग मुळाशी आणि टोकाशी, दोन्ही बाजूंना, एकाच जागी पाणसळ धरून कोन घेतात. शेवटी प्रत्येक पंखाच्या टोकापासून शेपटीच्या खांबापर्यंत टेप. दोन अंतरांत फरक आला तर एक पंख मागे ओढलेला आहे, किंवा शेपूट तिरकी आहे.

त्याआधी एकही फोर्क फिरवायचा नाही. आज किती आटे बाहेर आहेत ते दोन्ही बाजूंचं लिहून ठेवायचं. हा आकडाच पुष्कळ काही सांगतो: दोन्ही फोर्क सारखे आणि विमान सरळ, तर सांगाडा चांगला. फोर्क खूप वेगवेगळे आणि विमान सरळ, तर कुठेतरी वाकडेपण दडवलेलं आहे.

सांगाडा उघडा बघायची संधी कापड बदलताना, दोन-तीन दशकांत एखाद्या वेळी मिळते. तेव्हा रंगाखालून नळीवर बोट फिरवत गेलं की बाही हाताला लागते. नळी एकदम जाड होते, टोकाला वेल्डचा उंचवटा. अशी प्रत्येक बाही कुठे आहे ते टिपून, तिच्या दोन्ही बाजूंच्या फिटिंगची अंतरं डाव्या-उजव्याशी ताडून बघावीत. बाही दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. पायाचं हाड जोडलेला माणूसही नीट चालतो, फक्त जोडताना ते सरळ बसलेलं असावं लागतं.

कागद काय सांगतात?

अमेरिकेत मोठी दुरुस्ती झाली की ३३७ क्रमांकाचा फॉर्म भरून एफएएकडे पाठवावा लागतो. ओक्लाहोमा सिटीतल्या त्यांच्या नोंदणी कार्यालयातून कुठल्याही विमानाची ही संपूर्ण फाइल थोड्या शुल्कात कुणालाही मागवता येते, विमान आपलं असायला हवं असंही नाही. त्यात 'डावा खालचा लाँजरॉन जोडला', 'उजवा पंख बदलला' अशा ओळी सापडतात. खरेदीआधी या ओळी आणि नळ्यांवर हाताला लागलेल्या बाह्या समोरासमोर ठेवून बघाव्यात. बाही आहे आणि फॉर्म नाही, तर ती दुरुस्ती नोंदवल्याविना झाली. फॉर्म आहे आणि मापांचा उल्लेख नाही, हे तर सर्रास. दोन्ही प्रसंगी विक्रेत्याकडे वरची मापं मागावीत. तो नाही म्हणाला तर स्वतःच्या मेकॅनिककडून घ्यावीत, आणि किमतीचं बोलणं त्यानंतर.